करंजावर चाललेली गिरणी

सुभद्राअक्कानं मला पायावर उभं केलं. बिराप्पा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिला आडकाठी केली नाही, म्हणून त्यांचेही उपकार. आणि भालकीचे मौलाभाई मिस्त्री वेळेला सायकल हाणत आले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं. ही तीन नावं आधी लिहून ठेवते. मी शिकलेली बाई नाही, सहावीतून शाळा सुटली. लिहिता लिहिता भलतीकडेच जाईन आणि नावं राहून जातील, ही धास्ती मला सारखी असते.

माहेर करजगीचं, अफझलपूरकडचं. लग्न होऊन आले ती थेट खटकचिंचोळीच्या पलीकडच्या एका खेड्यात. दिवसभर एसटी बदलत यायचं. सासर धनगराचं, शेत नाही, मेंढरं तेवढी. नवरा लग्नानंतर चार महिन्यांत हैद्राबादला हमालीला गेला. घरात मी आणि मामंजी. मामंजी मेंढरांमागं गेले की मी एकटी. आमच्या घराची मागची भिंत आणि अक्काच्या गिरणीची भिंत एकच होती. इंजिन सुरू झालं की आमच्या उतरंडीची मडकी थरथरायची आणि मी त्यांच्याबरोबर. एक दिवस भिंतीपलीकडून आवाज आला, "ए करजगीची, भिताडाला कान लावून कामून बसलीस? इकडं ये. भ्याचंच आसंल तर जवळ येऊन भी."

गेले, आणि त्या दिवसापासून गिरणीच्या तोंडात ज्वारी ओतायचं काम माझ्याकडं आलं.

अक्का तेव्हा चाळिशीची असेल. उंच, हाडाची, आवाज इंजिनापेक्षा वर. पांढऱ्या भुवया म्हणून मी तिला पहिले आठ दिवस म्हातारी समजत होते. ते पीठ होतं. तिचा नवरा निजामाच्या राज्यात हैद्राबादला मोटारींच्या कारखान्यात कामाला होता, तिथून तो इंजिनाची विद्या शिकून आला, गिरणी घातली आणि पाच-सहा वर्षांत वारला. भावकी म्हणाली, इंजिन विकून टाक. अक्का म्हणाली, "मालक गेले, इंजिन जित्तं हाय. जित्त्याला कामून बाहेर काढू?" हँडल मारून इंजिन सुरू करणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. हँडल मारायच्या आधी पदर खोचायची, दोन्ही हातांना राख लावायची आणि इंजिनाला म्हणायची, "चल अप्पा, लोक उपाशी हायेत."

अक्काचं घर बौद्धाचं. छप्पन साली तिच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली. त्याच्या आधी त्या घराची सावली वरल्या आळीच्या धान्यावर पडलेली चालत नव्हती. आणि आता सगळ्या गावाचं पीठ त्या घरातून निघत होतं, कारण पंचक्रोशीत दुसरी गिरणी नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. वरल्या आळीतल्या थोरल्या अव्वा दळण घरी नेलं की पिठावर गोमूत्र शिंपडतात, असं त्यांच्याच गड्यानं सांगितलं. मला राग आला. अक्का म्हणाली, "शिंपडू दे की. पीठ जड होतंय, भाकरी मऊ होत्यात. पर खात्यात न्हवं? खाल्लेलं पोटातच जातंय. तिथं कोण शिंपडणार?"

हसायची, पण गिरणी एक दिवसही बंद ठेवायची नाही. ताप असो, मयत असो. मी विचारलं तर एकदाच नीट बोलली. "हे बघ, लोक माझ्याकडं येत्यात ते माझ्या पिरमानं न्हाई, सवयीनं येत्यात. सवय लागायला पंधरा वर्सं गेली. तुटायला पंधरा दिस पुरं हायेत."

अक्काची खरी खोड म्हणजे तराजू. गिरणीच्या दारात आढ्याला टांगलेला मोठा लोखंडी तराजू होता. दळणाचं वजन होई ते होईच, पण अक्का जगातली कुठलीही गोष्ट त्यात घालून बघायची. कुणी म्हणालं माझी म्हैस जास्त दूध देते, की अक्का म्हणे, "पारड्यात घाल, मग बोल." दोन बायका भांडत आल्या की कुणाची पाटी जड म्हणून, तरी तेच. एकदा शाळेच्या मास्तरांनी तिच्यासमोर सरकारच्या योजनेचं फार कौतुक केलं, तर तिनं त्यांच्या हातातली पत्रकं घेऊन पारड्यात ठेवली आणि दुसऱ्या पारड्यात मूठभर ज्वारी टाकली. ज्वारीचं पारडं खाली गेलं. मास्तर स्वतःच हसले.

चौथीपर्यंत शिकलेली होती. बसवकल्याणच्या एसटीनं सोलापूरचा पेपर एक दिवस शिळा यायचा, तो ती दळणाच्या रांगेत मोठ्यानं वाचून दाखवायची. राज्याचं नाव मैसूरचं कर्नाटक झालं तेही मी तिथंच ऐकलं. मामंजी म्हणाले, "मग आता आपली मेंढरं कर्नाटकातली झाली म्हना की." त्याच सुमाराला तिनं वाचलं की अरबस्तानाकडं लढाई लागली आणि तिकडच्या लोकांनी तेल अडवून धरलं. रांगेतले लोक म्हणाले, आपल्याला काय त्याचं, आपण करडीचं तेल खातो. अक्का मात्र पेपर घडी घालून इंजिनाच्या टाकीकडं बघत बसली.

महिन्या-दोन महिन्यांत भालकीच्या पंपावर रांगा लागल्या. ट्रॅक्टरवाले, विहिरीवर इंजिन असलेले, लॉरीवाले, आणि त्यात डोक्यावर डबा घेतलेली अक्का. कधी अर्धा डबा मिळायचा, कधी नाही. गिरणी एक दिवसाआड झाली, मग आठवड्यातून दोनदा. बायकांनी अडगळीतली जाती बाहेर काढली. माझ्या हाताला फोड आले. सगळ्यात वाईट म्हणजे वरल्या आळीतल्या शिवराजनं, थोरल्या अव्वांच्या लेकानं, मारुतीच्या पारावर जाहीर केलं की लाइटीवरची गिरणी घालतो. शिवराज वाईट माणूस नव्हता. अक्काला भेटायलाही आला. "अक्का, तुमच्या पोटावर पाय न्हाई द्यायचा मला. पर डिझेलची काय आशा ऱ्हायली न्हाई. आन् लोक म्हणायलेत, आपल्या माणसाची गिरणी असावी."

"आपल्या माणसाची," अक्का म्हणाली. "बरं. च्या घेतोस का?"

शिवराजनं चहा घेतला नाही. घाई आहे म्हणाला.

तो गेल्यावर अक्का बराच वेळ तराजूच्या साखळीशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, "पोरी, ह्या इंजिनाला अरबाशिवाय दुसरं कोण चारा घालंल, ते बघायचं. एकेक पारड्यात घालू."

आणि खरंच घातलं. शाळेच्या मास्तरांनी वाऱ्यावरची चक्की सुचवली होती. अक्का आठ दिवस गिरणीच्या छपरावर एक जुनं लुगडं बांधून बसली. ते फडफडायचं संध्याकाळी, जेव्हा दळायला कुणी नसतं, आणि सकाळी गळून पडायचं. "वारं काय आपल्या दळणाला इचारून येत न्हाई," म्हणून तिनं लुगडं काढून टाकलं. ग्रामसेवक शेणाच्या गॅसचं सांगून गेला. अक्काकडं एकच म्हैस, तीही भाकड. "तिच्या जिवावर गिरणी चालवायची म्हणजे तिला जुलाबाचं औशीद द्यावं लागंल." मामंजी म्हणाले, माझ्या मेंढरांच्या लेंड्या घाल. घातल्या एका पिंपात. आठवडाभर भिजल्या पण फुटल्या नाहीत, पाण्यावर करवंदासारख्या तरंगत राहिल्या. मागच्या जागतिक लढाईच्या काळात निजामाच्या मोटारी लाकडाच्या कोळशावर चालायच्या, हे अक्काच्या नवऱ्यानं स्वतः पाहिलेलं. ती त्यावर दोन दिवस विचार करत होती. मग म्हणाली, "न्हाई. गावात चार झाडं हायेत. ती जाळून भाकरी खाल्ली तर सावलीला कुठं बसून खाणार?"

मग बैल आणले. भाड्याचे दोन बैल, एक मोठं लाकडी चाक, चाकावरून पट्टा. पीठ निघालं, पण वाळूसारखं भरड, आणि बैल दोन फेऱ्यांनी थांबून आमच्याकडं बघायचे. अक्कानं त्या दिवशी बैलांनी खाल्ला तेवढाच कडबा एका पारड्यात घातला आणि निघालेलं पीठ दुसऱ्या पारड्यात. कडब्याचं पारडं जमिनीला टेकलं. रांगेतले सगळे पोट धरून हसले. बैलांचा मालक रागावला. अक्का बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "तुजी चूक न्हाई बाबा. तुला दुसरं काम बघू."

करडीचा हंगाम आला. आमच्या भागात करडी भरपूर, आणि घरोघर तिचंच तेल. अक्कानं एका सकाळी इंजिनाच्या टाकीत करडीचं तेल ओतलं. इंजिन वर टांगलेल्या डिझेलच्या बाटलीवर सुरू केलं होतं, मग कॉक फिरवून टाकीतलं तेल सोडलं. मी डोळे मिटले. इंजिन जरा अडखळलं, आणि मग चाललं. पुक पुक पुक, नेहमीसारखं. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. आणि मग वास सुटला. धुराड्यातून भज्यांचा वास. खरं सांगते, सगळ्या गल्लीत गरम तेलात काहीतरी तळल्याचा वास. पोरं ताटल्या घेऊन आली. मारुतीच्या पारावरून एकजण ओरडला, "अक्का, पहिला घाणा कवा निघायलाय?" अक्काही हसली. पण मी बघत होते, तिचं लक्ष दुसरीकडं होतं. रांगेत एक म्हातारी उभी होती, तिच्या हातात रिकामी बाटली. तिला तेल उसनं हवं होतं, भाजीच्या फोडणीला.

अक्कानं इंजिन बंद केलं आणि डब्यात उरलेलं करडीचं तेल त्या म्हातारीच्या बाटलीत ओतलं.

"बेस चाललं होतं की," मी म्हणाले.

"चाललं. पर हे पारड्यात नीट बसत न्हाई. खायचं तेल जाळून खायचं पीठ काढायचं. एका पोराचं दूध तोडून दुसऱ्याला पाजल्यावानी." आणि मग जरा थांबून, "जे कुणीच खात न्हाई, ते तेल पायजे."

उत्तर मामंजींनी दिलं, आणि त्यांना कळलंही नाही की आपण उत्तर दिलं. ते भाकरी खाता खाता मेंढरांची तक्रार करत होते. ओढ्याच्या कडेनं सगळी करंजाची झाडं आहेत, सावली चांगली, पण मेंढरांचं पोट भरत नाही. करंजाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, खाली शेंगांचा खच पडतो तसाच कुजतो. भिंतीपलीकडून अक्काचा आवाज आला, "बिराप्पाअण्णा, कुठला ओढा?"

ती कायम ऐकत असायची.

दुसऱ्या दिवशी दोघी मामंजींच्या मागं ओढ्याला गेलो. चैत्र संपत आलेला. करंजाखाली चपट्या, वाळक्या शेंगा पायाखाली कडकड वाजत होत्या. अक्कानं एक फोडली, बी चावलं आणि थुंकलं. तिचं तोंड असं वाकडं झालं की मामंजींना हसू आवरेना. "कडू जहर हाय. हे कुणी चोरणार न्हाई, कुणी खाणार न्हाई, कुणी पेरलं न्हाई. हेच."

तेल काढायला तेल्याकडं गेलो तर तो म्हणाला, माझ्या घाण्यात कडू तेल घातलं तर पुन्हा गावाला करडी काय काढून देऊ? बरोबरच होतं त्याचं. गिरणीच्या मागं एक दगडी घाणा पडला होता, पिढ्यांचा, पोरं त्यावर बसून बोरं खायची. अक्कानं तो सुतार लावून उभा केला आणि त्याच भाड्याच्या बैलांना जुंपलं. बैल तिथं कसे चालले म्हणता. संथ, शहाण्यासारखे.

मग तिनं दवंडी दिली. एक पाटी करंजाचं बी आणा, एक पायली फुकट दळून न्या. त्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात करंजाखाली शेंग राहिली नाही. मेंढरांमागचे धनगर, शाळेची पोरं, म्हाताऱ्या बाया, सगळे पाट्या भरून येत होते. अक्काच्या दारात ढीग लागला. पेंड शेतकरी मागून न्यायला लागले, उधईवर, म्हणजे वाळवीवर, चालते म्हणून. तेल तिनं जुन्या लुगड्याच्या चार घड्यांतून गाळून डब्यात भरलं. घट्ट, लालसर, आणि वास असा की घरात चिलीट राहिलं नाही.

इंजिन चाललं. भज्यांचा वास नाही, कडवट धूर, पण चाललं. दिवसभर दळलं. आनंदात अक्कानं एक चूक केली. संध्याकाळी डिझेलची बाटली हातात घेतली, बघितली, आणि म्हणाली, "आज जमलंय. आता ह्याचा थेंब कामून वाया घालू?" आणि करंजावरच इंजिन थांबवलं.

सकाळी हँडल फिरेना. अक्कानं जोर लावला, मी लावला, मामंजींनी लावला. इंजिन दगड झालं होतं. अक्का पायरीवर बसली. तिला तसं बसलेलं मी तोपर्यंत बघितलं नव्हतं. भालकीला निरोप गेला आणि दुपारी मौलाभाई मिस्त्री सायकलवर आले, पाठीला पान्यांची पिशवी. त्यांनी नोझल खोललं, बोट लावलं, बोटांत तार निघाली, डिंकासारखी. वास घेतला.

"क्या पिलाए अक्का इसको?"

"करंज."

मौलाभाईंनी नोझल पुन्हा उजेडात धरून बघितलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "चलाए? दिनभर चलाए?"

"दिवसभर."

"अरे वा." ते इंजिनापाशी उकिडवे बसले. सगळं धुऊन काढलं, रॉकेलनं. आणि उठताना म्हणाले, "अक्का, ये पेहलवान है. सुबू उठते ही इसको कडवा नक्को देव, और सोते बखत पेट में कडवा नक्को छोडो. डिझेल पे उठाव, डिझेल पे सुलाव. बीच में जो पिलाना सो पिलाव." त्या दिवसापासून तोच नियम झाला. सकाळी घोटभर डिझेल, संध्याकाळी घोटभर डिझेल, मधला सगळा दिवस करंज. पूर्वी दोन दिवसांत संपणारा डबा आता महिनाभर पुरायला लागला. कुणी विचारलं की अक्का म्हणायची, "तेल सुटलं न्हाई. पर आता मी तेलाच्या हातात न्हाई."

पावसाळ्यात शिवराजची लाइटीवरची गिरणी सुरू झाली. नवी, निळ्या रंगाची, आवाज कमी. वरली आळी हळूहळू तिकडं गेली. पीठ बारीक निघतं म्हणत. थोरल्या अव्वांना आता शिंपडायची गरज नव्हती. आमच्या दारातली रांग अर्धी झाली. अक्का पेपर वाचताना आवाज तसाच ठेवायची, पण रांगेकडं बघायची नाही. मला आतून भीती वाटायची, कारण गिरणी थांबली असती तर मामंजी मला मेंढरांबरोबर रानात घेऊन गेले असते, नाहीतर करजगीला पोचवून आले असते. पण माझ्या भीतीपेक्षा तिची गोष्ट मोठी होती. पंधरा वर्षांची सवय सुटत चालली होती, तिच्या डोळ्यांसमोर.

मग येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अवस, आली. आमच्याकडं येळवस म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, घालतं, बाजरीचे वाफवलेले उंडे, मिसळीच्या भाज्यांची भज्जी, आंबील. आणि वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात, कुणाला सोडत नाहीत. निदान म्हणायला तरी. आदल्या दिवशी घरोघर पायल्या-पायल्यांचं दळण असतं. आणि त्याच्याच आदल्या संध्याकाळी लाइट गेली. डीपी जळाला म्हणे. लाइटीचे साहेब सणानंतर बघतो म्हणाले.

सकाळी उठून बघते तर गिरणीच्या दारात पाट्यांची रांग मारुतीच्या पारापर्यंत. खालची आळी, वरली आळी, सगळी. वरल्या आळीच्या बायका आपापल्या पाट्यांकडंच बघत उभ्या. थंडी अशी की तोंडातून धूर निघत होता.

अक्कानं पदर खोचला, हाताला राख लावली, डिझेलवर इंजिन सुरू केलं. मग कॉक फिरवला. इंजिन खोकलं, दोन उचक्या दिल्या आणि बंद पडलं. पुन्हा. पुन्हा तेच. मी डबा उघडून बघितला. थंडीनं करंजाचं तेल तुपासारखं थिजलं होतं. बाटलीत डिझेल तळाला होतं, एखादं दळण निघेल एवढं. रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "चला, जाती काढा." एक पाटी उचलली गेली. मग दुसरी.

अक्का वळली. सगळ्या रांगेला म्हणाली, नेहमीच्या आवाजात, इंजिनाच्या वरच्या आवाजात, "आज अंघोळीला कुणाकुणाच्या चुलवणावर पाणी तापलंय?"

सगळ्यांच्याच.

"मग ते अंगावर घ्याच्या आधी हिकडं आणा. मोठ्या घमेल्यात डबा ठिवायचाय."

कुणी हललं नाही. म्हणजे, खालची आळी हलली, दोघीतिघी पळाल्या. वरली आळी उभीच. पाण्याची गोष्ट होती. आपल्या घरचं पाणी आपल्या भांड्यातून त्या घरच्या घमेल्यात. असं कधी झालं नव्हतं, उलट्या दिशेनंही नाही, सुलट्या दिशेनंही नाही. मी अक्काकडं बघितलं. ती वरल्या आळीकडं बघतच नव्हती. डब्याला गोणपाट गुंडाळत होती.

मग थोरल्या अव्वा वळल्या आणि काठी टेकत निघाल्या. मला वाटलं, गेल्या. दहा-पंधरा मिनिटांनी आल्या त्या स्वतः, आणि मागं त्यांचा गडी नव्हता, शिवराज होता. त्याच्या दोन्ही हातांत वाफाळलेली तपेली. अव्वांनी एक तपेली त्याच्या हातातून घेतली. तपेली तिरपी झाली.

"अव्वा, सांडाल," अक्का म्हणाली.

"मला शिकिवतीस व्हय गं? तुज्या वयाची होते तवा आड उपसत होते मी." आणि घमेल्यात पाणी ओतलं. वाफेनं दोघींची तोंडं दिसेनाशी झाली.

त्यानंतर कोण कुठल्या आळीचं ते मोजायला जागा नव्हती. तपेली, घागरी, हंडे. थंड झालेलं पाणी मी उपसायची, गरम येत राहायचं. डब्यातलं तेल आधी कडेला सुटलं, मग मधे. अक्कानं हँडल मारलं. डिझेलवर उठलं. कॉक फिरवला. इंजिन खोकलं. सगळी रांग दाराशी दाटली. आणि मग ते लागलं. पुक पुक पुक पुक. घटकाभरात इंजिन गार ठेवणारं त्याचं स्वतःचं पाणी तापलं, तेव्हा अक्कानं तेच नळीनं घमेल्यात सोडलं, आणि बायकांना म्हणाली, "जावा, आता अंघोळी करा. इंजिनच इंजिनाला शेकंल."

पहिलं दळण थोरल्या अव्वांचं घातलं. अव्वा पाटीपाशी उभ्या राहिल्या, पीठ चिमटीत घेऊन बघितलं, आणि म्हणाल्या, "शिवऱ्याच्या गिरणीपेक्षा जाडं हाय."

"उंड्याला जाडंच लागतंय, अव्वा."

"व्हय," अव्वा म्हणाल्या. "ते बी खरं." आणि शिवराजनं पाटी उचलली.

दिवस मावळेपर्यंत सगळं गाव दळून गेलं. एक पाटी परत गेली नाही. अक्काच्या भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं. शिवराज पुन्हा आला तो संध्याकाळी, हात हलवत. म्हणाला, "अक्का, च्या पाजा." प्यायला, कपबशी स्वतः विसळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी येळवशीला अक्काला एवढ्या शेतांतून हाका आल्या की ती दुपारपासून नुसती चालतच होती. एका कोपीत उंडा, दुसऱ्या कोपीत आंबील. थोरल्या अव्वांच्या कोपीत तिला पंगतीत बसवलं. अव्वा ताटात भज्जी वाढताना म्हणाल्या, "पोटभर खा, तुज्याच पिठाचं हाय." मी हे मामंजींबरोबर बांधावरून बघत होते. आम्हाला शेत नव्हतं, आम्ही कुणाला हाक मारणार. संध्याकाळी अक्का भेटली तेव्हा मी तसं बोलून गेले. ती म्हणाली, "लई खाल्लंय आज, आता बोलावलंस तरी येणार न्हाई. तुजं शेत होईल तवा बोलाव. भुकेली येईन."

पुढची वर्षं तिचीच होती. शिवराजची गिरणी चालू राहिली, अक्काचीही. लोक सोयीनं जायचे, आणि कुणाकडं गेलं यात काही राहिलं नाही. काही वर्षांनी पुन्हा तेलाची टंचाई आली तेव्हा लांबलांबच्या गावांचे विहिरीवाले बैलगाडी जुंपून अक्काला बघायला आले. तिनं कुणाला ज्ञान दिलं नाही, नुसतं तराजूपाशी नेऊन उभं केलं. "तुज्या शिवारात काय हाय ते आण. पारड्यात घालू." कुणी करंज आणला, कुणी निंबोळी. एकानं एरंड आणला, ते तेल करंजापेक्षाही घट्ट, म्हणून त्याला मात्र तिनं मौलाभाईंकडं पाठवलं.

नवऱ्यानं मला हैद्राबादला नेलं. इथं मी एका खाणावळीत भाकऱ्या करते. आजूबाजूला सगळी तेलुगू, दख्खनी. मराठी बोलायला कधी आठवडा आठवडा मिळत नाही. तरी भीत नाही, कारण भिंतीपलीकडून ऐकत बसण्यापेक्षा जवळ जाऊन भ्यायचं, हे शिकले आहे.

मागच्या खेपेला मामंजींना बघायला गावी गेले होते. परत निघाले, एसटी आली, मी चढले. तेवढ्यात रस्त्याच्या कडेनं अक्का आली, आता खरोखरच्या पांढऱ्या भुवयांची, पण चाल तीच. तिनं एसटीच्या पत्र्यावर थाप मारली. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "काय मावशी?"

"ह्याच्यात काय घालायलास?"

"डिझेल. आणि काय घालणार?"

"लांब जायलास?"

"बीदर."

"येताना माज्या गिरणीकडं ये," अक्का म्हणाली. "गाडीला जरा दुसरी चव दावू." सगळी एसटी हसली, ड्रायव्हरही. गाडी सुटली. मी मागच्या काचेतून बघितलं तर ती हात हलवत नव्हती. कमरेवर हात ठेवून धुराड्यातून निघणाऱ्या धुराकडं बघत होती, भाव करणाऱ्या बाईसारखी.

अक्का, खाणावळीतले पैसे साठवत मी भालकीकडं जमिनीचा एक तुकडा बघून ठेवला आहे. लहान आहे, खडकाळ आहे, अजून माझा नाही. होईल. तो झाला की त्या वर्षीच्या येळवशीला मी स्वतः कोप घालीन, स्वतः उंडे करीन, आणि पहिली हाक तुम्हाला मारीन. भुकेल्या या.